खोडलेली ओळ

बाळ,

शनिवारी तू शिष्यवृत्तीचा अर्ज टेबलावरच विसरून गेलीस. उचलून ठेवताना नजर गेलीच. 'संगणकशास्त्र हाच विषय का निवडला?' या प्रश्नाखाली तू 'लहानपणापासून आवड' असं लिहिलं होतंस आणि मग इतकं गिरवून खोडलं होतंस की कागद फाटायला आला होता. चपला घालताना जे पुटपुटलीस ते तेव्हा उलगडलं. "काकू, खरं सांगू? मला नोकरी हवी आहे, बाकी काही नाही."

नोकरी हवी, यात मान खाली घालण्यासारखं काय आहे? १९८२ च्या संपानंतर आमच्या बाबांची गिरणी पुन्हा उघडली नाही. लालबागच्या एका खोलीत आम्ही पाच जण. गणितात बीएस्सी झाल्यावर मी संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासला गेले ती पगारासाठीच. आधी आवड, मग अभ्यास, हा क्रम तुम्हा मुलांच्या डोक्यात कोणी भरवला कोण जाणे. आपल्या कुलाब्याला, टीआयएफआर या संशोधन संस्थेत, १९६० साली टिफरॅक हा संगणक उभा राहिला. निर्वात नळ्यांचं ते अवाढव्य यंत्र बांधणाऱ्या गटाचे प्रमुख आर. नरसिंहन, त्यांची डॉक्टरेट गणितातली. लहानपणापासून संगणकाची आवड असायला त्यांच्या लहानपणी संगणक होताच कुठे? समोर आलेल्या गोष्टीच्या तळापर्यंत ती माणसं गेली. मी तुला एवढंच सांगणार आहे, आणि तू कंटाळेपर्यंत सांगणार आहे: तळ लागेपर्यंत सोडायचं नाही.

मी सोडलं होतं. ते तुला कधी सांगितलेलं नाही.

अंधेरीला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. कर्जाच्या व्याजाचा एक प्रोग्रॅम माझ्याकडे होता. महिनाअखेरीच्या बेरजेत काही पैशांचा फरक यायचा. वरचे म्हणाले, राउंड करून टाक. मी टाकलं. फरक का येतो हे मला कळलं नव्हतं आणि कळत नाही हे कबूल करायची लाज वाटत होती. खाती वाढली तसा फरक वाढला, आणि ज्याच्यावर खापर फुटलं तो माझ्या शेजारी बसणारा मुलगा होता. त्याची नोकरी गेली. चूक माझ्या ओळीत आहे असा मला संशय होता, पण संशय घेऊन बोलायचं कसं? मी गप्प बसले. तळ माहीत असता तर बोलले असते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. ते पूर्ण खरं आहे का, माहीत नाही. निदान बोलायला काहीतरी हातात असतं.

नंतर एका रात्री ओट्यापाशी उभी राहून कागदावर केलं. ०.१ हा आकडा द्विमान पद्धतीत, म्हणजे यंत्राला कळतात त्या फक्त ० आणि १ या अंकांत, लिहायचा. दोनने गुणत जायचं आणि दशांशचिन्हाच्या डावीकडे जे येईल ते टिपून उरलेलं पुढे न्यायचं. ०.२, ०.४, ०.८: तीन शून्यं. १.६, १.२: दोन एक. उरले ०.२. म्हणजे पुन्हा तेच. ०.०००११००११००११… हे कधी संपतच नाही! आपण एक तृतीयांश लिहायला गेलो की ०.३३३ जसं धावत सुटतं, तसं. यंत्राला कुठेतरी कापावंच लागतं. म्हणून पैशांचा हिशोब रुपयांच्या अपूर्णांकात ठेवायचा नसतो. पूर्ण पैशांत, पूर्णांकात ठेवायचा असतो. मला हे कळायला एका माणसाची नोकरी जावी लागली.

२५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानला याच ०.१ ने २८ अमेरिकन सैनिकांचा जीव घेतला. पॅट्रियट या क्षेपणास्त्रं अडवणाऱ्या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायचं आणि तो दहावा भाग २४ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या २४ जागांत, कापून बसवलेला होता. शंभर तास सलग चालल्यावर वेळ सुमारे ०.३४ सेकंदाने चुकली. येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलंच गेलं नाही. वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

"पण आता कोड एआय लिहितं ना," हे तू दोनदा म्हणालीस. लिहू दे की! पैशाच्या हिशोबाला त्याने अपूर्णांक वापरला, तर पकडणार कोण? तू विचारलेलं मला एकच ऐकू आलं: तळाला न जाता चालेल का? नाही चालणार. त्या वेळी मलाही चालेल असंच वाटलं होतं, म्हणून इतकी चिडून लिहिते आहे.

त्या रात्रीनंतर मी हट्टी झाले. जे कळलं नाही त्यावर सही केली नाही. मॅनेजरची जागा दोनदा नाकारली, कारण तिथे गेल्यावर कोड वाचायला मिळाला नसता. घरात त्यावरून वर्षभर अबोला होता. चुकले असं मला अजून वाटत नाही. घर मोठं झालं नाही, एवढं खरं.

आणि आवड? ती त्या ओट्यापाशी आली. ०.२ परत आला, त्या क्षणी. त्याआधी कामाला दोन वर्षं झाली होती, आवड म्हणावं असं काही नव्हतं. तुला आज काही वाटत नसेल तर घाबरू नकोस, पण म्हणून वरवर चाळून पुढेही जाऊ नकोस. पहिल्या वर्षी पॉइंटर येतील, म्हणजे संगणकाच्या मेमरीतल्या जागेचा पत्ता धरून ठेवणाऱ्या गोष्टी. वर्गातले निम्मे जण पाठ करतील. तू वहीत चौकोन काढ, पत्ते लिही, बाण काढ, आणि तळ लागेपर्यंत उठू नकोस.

रविवारी सकाळी ये. अर्ज माझ्याकडे आहे. खोडलेल्या ओळीखाली जागा आहे, नोकरीचं तिथे सरळ लिहू. येताना ०.५ आणि ०.१ दोन्ही कागदावर सोडवून आण. एक पहिल्याच पायरीत संपतं आणि दुसरं कधीच संपत नाही, ते का, हे तू मला सांगायचं आहेस. मोबाइलवर बघून नाही.

काकू