बाबांची हृदयाची झडप बदलली, एसिट्रॉम (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू आहे. पालेभाजी कायमची बंद करायची का? दात काढायच्या आधी गोळी थांबवायची का?

भाजी बंद नका करू हो. मी मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही, पण हा प्रश्न काउंटरवर सारखा येतो. डिस्चार्जच्या घाईत कोणीतरी पालेभाजी नको म्हणतं आणि घरात मेथी, पालक, कोथिंबीर सगळ्यावर बंदी. एसिट्रॉम काय किंवा त्याच जातीची वॉरफॅरिन काय, विटामिन के चं काम अडवतात, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक लिव्हरमध्ये कमी बनतात, आणि पालेभाजीत हेच विटामिन के भरपूर. पण डॉक्टर डोस लावतात तो आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) बघून, म्हणजे बाबा रोज जे जेवतात ते धरूनच, त्यामुळे भाजी खाऊ द्या फक्त प्रमाण सारखं ठेवा. थंडीत मेथी स्वस्त झाली की रोज मेथी आणि श्रावणात महिनाभर उपास, असं केलं की आयएनआर हलतोच.

मला खरी धास्ती पेनकिलरची वाटते. मेथीला घाबरणारी माणसं गुडघा दुखतोय म्हणून कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक बिनधास्त मागतात, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे सांगतच नाहीत, आणि पोटात रक्तस्राव होतो तो अशानेच. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल पण आयएनआर चांगलाच वाढवते. काळी शी, लाल लघवी किंवा डोक्याला मार (रक्त आलं नसलं तरी) असेल तर थेट हॉस्पिटल.

अजून एक, स्ट्रिप कापून घेऊ नका. एसिट्रॉम 1, 2, 3, 4 एमजी अशी येते, आमच्याकडे एक काका कापलेला तुकडा आणून "हीच द्या" म्हणतात, नाव असतं, एमजी कापला गेलेला. मग मी चिठ्ठी मागतो आणि ते चिडतात. चिडू देत. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी डबल द्यायची नाही.

कोणी उंदराचं औषध म्हणून घाबरवेल. वॉरफॅरिन 1948 ला अमेरिकेत उंदरांसाठी आलं हे खरंय, पण 1954 पासून माणसांना देतात, सगळा खेळ डोसचा.

दाताचं म्हणाल तर गोळी स्वतःहून थांबवू नका, झडपेवर रक्ताची गाठ धरली तर फार महागात पडेल. एक-दोन दिवस आधी आयएनआर करा, रिपोर्ट डेंटिस्टला दाखवा आणि हार्टवाल्या डॉक्टरांना फोन करा, रेंजमध्ये असला तर बऱ्याचदा गोळी चालू ठेवूनच दात काढतात.