दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हाफ-ट्रॅकवर बोफोर्स तोफ का नाही बसवली?

बसवली होती की! १९४२ मध्ये एम३ हाफ-ट्रॅकवर, म्हणजे पुढे चाकं मागे पट्टे असलेल्या गाडीवर, ४० मिमीची विमानविरोधी बोफोर्स चढवून टी५४ नावाचा नमुना बनवला (आपल्याला १५५ मिमीवालीचा घोटाळाच आठवतो, कंपनी तीच). पण ही तोफ एरवी जमिनीवर पाय रोवून मिनिटाला १२० च्या वेगाने गोळे मारणार आणि इथे खाली स्प्रिंगवर डुलणारी हलकी गाडी, मग काय, प्रत्येक धक्क्याला गाडी हलायची आणि नेम गेला बोंबलत. पुढच्या टी५९ नमुन्याला बाजूने टेकू लावून बघितले, तरी जमेना. टी६८ नमुन्यावर तर एकावर एक दोन तोफा, आधीच मर्कट तशातही मद्य प्याला! शेवटी एम२४ टँकच्या चासीवर जोडतोफ बसवून एम१९ केला तेव्हा कुठे जमलं.