निपाणीची तीन एकर आणि विलायतेतली नववी

निपाणीजवळच्या एका वाचकांचं पत्र आहे. खत-बियाण्यांचं दुकान, घरखर्च आणि कर जाऊन वर्षाला 9 लाख शिल्लक. 55 लाखांच्या ठेवी, 32 लाख म्युच्युअल फंडात. मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत. मुलाला पुढच्या सप्टेंबरपासून चार वर्षं इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत घालायचं आहे. एजंटामार्फत शाळेचं होकाराचं पत्र आलं आहे. खर्च त्यांनी 1 कोटी 85 लाख धरला असून कमी पडतील ते पैसे तीन एकर विकून उभे करायचे, एकरी 40 लाखांची बोली आहे. विचारतात, ‘हिशेब बसतो ना?’

नाही बसत. तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण सुरुवातीचा आकडा चुकला आहे.

तुम्ही पाठवलेल्या फी-पत्रकात एका टर्मचे 14,000 पौंड लिहिलेत आणि खाली बारीक अक्षरात ‘व्हॅट वगळून’ असं आहे. 1 जानेवारी 2025 पासून तिकडच्या खासगी शाळांच्या फीवर, बोर्डिंगसकट, 20 टक्के व्हॅट लागतो. म्हणजे वर्षाच्या तीन टर्मचे 42,000 नव्हे, 50,400 पौंड. पौंड तुम्ही 110 रुपये धरलात, मी 118 धरतो. पहिलंच वर्ष साडेएकोणसाठ लाखांचं झालं. फी दरवर्षी वाढणार, रुपया थोडा घसरणार. दोन्ही मिळून 8 टक्के धरले तर चार वर्षांचे 2 कोटी 68 लाख होतात. विमानभाडं, गणवेश, सहली, व्हिसा आणि वर्षाला 776 पौंडांचा आरोग्य अधिभार यांना वर्षाकाठी 6 लाख ठेवा. एकूण 2 कोटी 90 लाखांच्या वर.

तुमच्याकडे काय आहे? ठेवी, फंड आणि जमीन मिळून 2 कोटी 7 लाख, चार वर्षांची शिल्लक 36 लाख. उरलेल्या रकमेवरचं व्याज धरलं तरी वीसेक लाख कमीच पडतात. आणि त्या दिवशी मुलगी नववीत असेल, हातात ना ठेव ना जमीन.

शिवाय मुलाचं शिक्षण तेव्हा कुठे सुरू होणार! चार वर्षं तिथं शिकला म्हणून विद्यापीठात तो तिथला विद्यार्थी ठरत नाही. फक्त शिक्षणासाठी राहिलेल्या मुलाला पदवीलाही परदेशी विद्यार्थ्याचीच फी पडते. एजंटानं हे सांगितलं नसेल, तर त्याला एक साधा प्रश्न विचारा: शाळेकडून तुला किती टक्के मिळतात? पुष्कळ शाळा एजंटाला पहिल्या वर्षाच्या फीतून कमिशन देतात. त्यात गैर काही नाही, पण मग तो तुमचा सल्लागार नाही, शाळेचा माणूस आहे. दुकानात एका कंपनीचं औषध जास्त मार्जिनवर येतं तेव्हा शेतकऱ्याला आपण कुठलं सुचवतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर लांबवतोय, ती. आपल्या भागातल्या मुलाकडे एक मिळकत असते, तिची किंमत उताऱ्यावर लिहिलेली नसते. पहिली ते बारावी या काळात सात वर्षं कर्नाटकात शिकलेला आणि दहावी किंवा बारावी इथून पास झालेला मुलगा केसीईटीत, म्हणजे कर्नाटकच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, सरकारी कोट्यातल्या जागेचा हक्कदार होतो. तुमच्या मुलाची सात वर्षं कधीच भरली आहेत. बाकी आहे ती फक्त दहावी. नेमकी तीच न देता तो निघालाय! दुसरं, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या संस्थांतून दहावी-बारावी केलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा ‘ई’ प्रकार आहे. सीमाभागात राहिल्याचा ताप आपण रोज काढतो. त्याचा हा एवढा फायदा, तोही पैसे मोजून सोडायचा?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी दोनदा वाचलं: ‘कन्नड सक्ती, बंद पडणाऱ्या मराठी शाळा, यातून पोरगा एकदाचा सुटेल.’ समजतं. पण आठवीपर्यंत कन्नड शिकलेल्या मुलाला आणखी दोन वर्षं जड नाहीत, आणि सुटकेसाठी तीन कोटी फार होतात.

जमिनीबद्दल थोडक्यात. वडिलोपार्जित आहे, म्हणजे बहिणींच्या सह्या लागतील. कर्नाटकात मुलींचा वाटा 1994 पासूनच कायद्यात आहे. तेव्हा 1 कोटी 20 लाख सगळे तुमचे हे आधी घरात बसून ठरवा. निपाणीएवढ्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 2 किलोमीटरच्या आत रान असेल तर भांडवली नफ्यावर करही बसेल, बाहेर असेल तर नाही.

कर्जाचं म्हणाल तर बँकांची शैक्षणिक कर्जं मुख्यतः बारावीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. व्याजाची वजावटही उच्च शिक्षणाच्याच कर्जावर, तीही जुन्या करपद्धतीत. शाळेची फी स्वतःच्या खिशातून पाठवली की वर्षाला 10 लाखांवरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर, घेते; 2025-26 ला त्याचा दर 5 टक्के होता. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर, त्या दरानं, दोन-अडीच लाख अडकून पडतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पदवीची फी भरली तर हा टीसीएसही नाही. म्हणजे सगळ्या सवलती बारावीनंतर उभ्या आहेत आणि तुम्ही चार वर्षं आधी जाताय.

मुलाचा इंग्लंडमधल्या लेस्टरचा मामा स्थानिक पालक (गार्डियन) म्हणून उभा राहतोय ही जमेची बाजू. शाळा तिथला असा पालक मागतात, टर्मच्या मधल्या सुट्टीत वसतिगृह बंद असतं तेव्हा पोराला घर लागतं. आईला मात्र तिथं राहता येणार नाही; मुलासोबत राहायचा आईवडिलांचा व्हिसा 12 वर्षांखालच्या मुलांसाठीच आहे. आणि करमलं नाही तर? माझ्याकडच्या एका कुटुंबाचा मुलगा नाताळच्या सुट्टीत आला तो परत गेलाच नाही. करारात एक टर्म आधी नोटीस देण्याची अट होती, न बसलेल्या टर्मची फी भरावी लागली. ही अट तिकडे सर्रास असते. तुमच्या करारात ती कुठल्या पानावर आहे ते पाहा.

माझं मत: दहावी इथंच होऊ द्या. त्यानंतर शेवटची दोन वर्षं बाहेर जायचं म्हटलं तर केसीईटीचा हक्क शाबूत राहतो, ‘ई’ प्रकार मात्र जातो. तेव्हाचा दोन वर्षांचा खर्च 1 कोटी 57 लाखांच्या आसपास. जमीन सोडून तुमचा साठा वर्षाला 7 टक्क्यांनी वाढला तरी वीस लाख कमी पडतील. म्हणून तिसरा हिस्सा तरी शिष्यवृत्ती मिळाली तरच जा. युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसचा दोन वर्षांचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रम याच वयाला असतो, घरची ऐपत पाहून शिष्यवृत्ती देतात, आणि त्यांचं एक कॉलेज पुण्याजवळ मुळशीकडे आहे. तिथं अर्ज करून पाहायला हरकत नाही. नाही जमलं तर पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, इथं. चार वर्षांत जमीन न विकता दीड कोटींच्या आसपास जमतील, पदवीसाठी कर्ज जोडता येईल आणि मुलीच्या वाट्याला रान शिल्लक राहील. वसतिगृहाची सवयच लावायची असेल तर मुलीसाठी कित्तूरचं राणी चन्नम्मा सैनिक स्कूल आपल्याच जिल्ह्यात आहे, एकदा बघून या.

जागा राखायला एका टर्मची फी डिपॉझिट, म्हणजे साडेसोळा लाख, 30 तारखेच्या आत भरायची आहे असं लिहिलंत. भरू नका. शाळेला सरळ ईमेल करा, एजंटामार्फत नको, की दोन वर्षांनंतरच्या प्रवेशासाठी नाव पुढं ढकलता येईल का आणि शिष्यवृत्तीची परीक्षा कधी असते. एजंटाला दिलेली नोंदणी फी परत मिळणार नाही, ती गेली असं समजा.