चवथीच्या आधी लादी? एफडी मोडू नका, ताई

गोव्यातल्या माशेलहून एका ताईंचं पत्र आलंय. सासरचं जुनं चिऱ्यांचं घर, हॉल, देवाची खोली आणि बाल्कांव (दारापुढची ओसरी) मिळून ६०० चौरस फूट लाल कोबा, तो जागोजागी फुटलाय, त्या जागी हाताने बनवलेली नक्षीची सिमेंट लादी घालायचीय. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळं खानदान जमतं म्हणून त्याच्या आधी व्हायला हवं. ४ लाखांची तीन वर्षांची एफडी आहे, १२ डिसेंबरला मॅच्युअर होते. ती मोडू की मोबाईलवर आलेलं १३ टक्क्यांचं पर्सनल लोन घेऊ, असं विचारतायत. ताई शाळेत नोकरीला, मिस्टरांची टॅक्सी.

ताई, दोन्ही नको. लादी घाला, पण चवथीच्या आधी नको.

आधी खर्चाचंच बघू, कारण तुम्ही दीड लाख धरलेत आणि तिथेच गडबड आहे. कोटेशनमध्ये लादी २१० रुपये फूट आहे, तोडफोडीत जाणारी दहा टक्के जास्त धरली तर ६६० फुटांचे १,३८,६०० होतात, हा तुमचा दीड लाख. पण खाली बारीक अक्षरात जीएसटी एक्स्ट्रा लिहिलंय, १८ टक्के म्हणजे आणखी जवळजवळ २५ हजार. मग गवंडी ९५ रुपये फुटाने ५७ हजार, जुना कोबा फोडून लादीखालचा थर (बेड) करायला ३६ हजार, सीलर (लादीत डाग मुरू नयेत म्हणून वरून मारतात तो) आणि तो मारायची मजुरी १५ हजार, टेम्पो आणि चढउतार १५ हजार. टेम्पोचं हसू नका, ८ इंची लादी साधारण २ सेंटिमीटर जाड असते, एकीचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास, तुम्हाला लागणार दीड हजार, म्हणजे अडीच टनांच्या वर माल झाला. बेरीज २ लाख ८७ हजार. जुन्या घरात फोडल्यावर खाली काय निघेल सांगता येत नाही, म्हणून मी ३ लाख १५ हजार धरेन.

आता पैसे कुठून. पर्सनल लोन ३ लाख, ३ वर्षं, १३ टक्के, हप्ता १०,१०० च्या आसपास आणि नुसतं व्याज ६४ हजार, प्रोसेसिंग फी वेगळी. टॅक्सीचा धंदा पावसात बसतो आणि हप्ता काही पाऊस बघून थांबत नाही. एफडी मोडली तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का दंड म्हणून व्याजातून कापतात, तुमची अडीच वर्षं होऊन गेलीत, एक टक्का धरला तर दहा हजार पाण्यात. अगदीच अडलं तर एफडीवर कर्ज मिळतं, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तुमची एफडी ७ टक्क्यांची म्हणजे ८ ने धरा, पाच महिन्यांसाठी ३ लाखांवर फरकाचा बोजा साधारण सव्वा हजार. दहा हजार विरुद्ध सव्वा हजार, तरी लोक आधी मोडायलाच धावतात, का ते मला अजून कळलेलं नाही.

पण तुम्हाला तेही करायची गरज नाही, कारण पावसात हे काम करायचंच नसतं. ही लादी भट्टीत जात नाही. साच्यात वर ३-४ मिलिमीटर रंगीत सिमेंटचा थर, त्यात मार्बलची पूड असते, मागे साधं सिमेंट-वाळू, प्रेसखाली दाबायचं, मग पाण्यात ठेवायचं आणि मग आठवडे सुकू द्यायचं. म्हणजे ती ओल पितेही आणि सोडतेही. जुलैमध्ये चिऱ्यांच्या घरात जमिनीतून ओल वर येत असते, ती क्षार घेऊन लादीतून बाहेर पडते आणि नक्षीवर पांढरा लोणा फुटतो. वरून घाईने सीलर मारला की ओल आत कोंडते आणि ढगाळ डाग पडतात. त्यात तुमची चवथ. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळं, पिकलेली केळी टपकणार, समईचं तेल, हळद-कुंकू, अगरबत्तीची राख, सगळं देवाच्या खोलीतल्या नव्याकोऱ्या कच्च्या लादीवर. हळदीचा डाग नंतर वर्षभर बघत बसाल.

तेव्हा ऑक्टोबरात टोकन देऊन ऑर्डर द्या, माल डिसेंबरपर्यंत येईल असं लिहून घ्या, काम जानेवारी-फेब्रुवारीत, जमीन कोरडी असते. तोवर एफडी व्याजासकट साधारण ४ लाख ९२ हजार होईल, टॅक्स जाऊन थोडी कमी. त्यातून ३ लाख १५ गेले की पावणेदोन लाख उरतात. तुमचा घरखर्च महिना ३० हजार म्हणता, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांची सोय. काठावर आहे. म्हणून एक सुचवतो, सगळीकडे नक्षी नको. जुन्या घरांत मधे गालिच्यासारखी नक्षी आणि कडेने एकरंगी लादी असायची, एकरंगी स्वस्त पडते आणि दिसतंही भारी. बाल्कांवला तर पूर्ण एकरंगीच घ्या, तिथे चपलांची वाळू घासणार.

गवंडी बघून निवडा, दर बघून नाही. आमच्याकडे एकाने सांध्यात भरायचं काळं ग्राउट सगळ्या लादीवर फासून मग पुसलं, फिक्या पिवळ्या लादीत ते मुरलं ते मुरलंच, दोन खोल्या खराब, आणि त्याचं म्हणणं ‘धुवून जाईल’. आधी सीलरचा एक हात, मग लादीच्याच रंगाचं ग्राउट, फट दीड-दोन मिलिमीटर, लोखंडी हातोडा लांब ठेवायचा. सगळी खोकी एकदम उघडून मिसळून लावायची, हाताच्या मालात शेड थोडी वेगळी असतेच. आणि वीस-पंचवीस जादा लाद्या कपाटाखाली ठेवा, पाच वर्षांनी तोच रंग मिळत नाही. नंतर पुसायला सौम्य साबण आणि पाणी, बाथरूमचं अॅसिड, लिंबू, व्हिनेगर अजिबात नाही, सिमेंट खातं ते. सोलकढी सांडली तर लगेच पुसा. सीलर दर दोनेक वर्षांनी, चार-पाच हजार त्यासाठी बाजूला ठेवत जा.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. घर अजून सासऱ्यांच्या नावावर, दीर पुण्यात, नणंद फोंड्याला. आपल्याकडे गोव्यात मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा, आणि बहुतेक लग्नांत नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे उद्या वाटणीला बसलात तर सह्या जावेच्या आणि नणदेच्या नवऱ्याच्याही लागतात. लादी काही उपटून नेता येत नाही. तुम्ही घातलेले ३ लाख वाटणीत आपोआप तुमच्या नावावर चढत नाहीत. तेव्हा चवथीला सगळे जमतील ना, तेव्हाच विषय काढा, मोदक खाऊन झाल्यावर, आधी नको. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातून होणारी वाटणी, कधी करायची ते बोला, तोवर निदान खर्च कोण करतंय याचं साधं पत्र, सगळ्यांच्या सह्यांचं, वकिलाला दाखवून. पैसे खात्यातूनच द्या, बिलं ठेवा.

मिस्टर म्हणतात लादी झाली की दोन खोल्या टुरिस्टना देऊ, त्याचं उत्पन्न मी हिशेबात धरलेलं नाही. त्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, पाहुणा आधी बाथरूम आणि एसी बघतो, लादीचा फोटो काढतो आणि जातो.

आणि आज बँकेत जाऊन एक बघा, एफडी ऑटो-रिन्यूवर आहे का. असेल तर काढायला सांगा, नाहीतर १२ डिसेंबरला ती आपोआप पुन्हा तीन वर्षं अडकेल आणि जानेवारीत तुम्ही मला हेच पत्र परत लिहाल.