साथीत वाचनालयाचं दार बंद असताना उन्हाळी सुट्टीतले उपक्रम कसे चालवायचे?

तुम्ही विचारलंय, की गावात छोटं वाचनालय आहे, दर मे महिन्यात मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी काही ना काही करता. कोरोनासारखी साथ पुन्हा आली आणि कुलूप लावावं लागलं, तर हे कसं चालू ठेवायचं? ऑनलाइन सोडून काही होतं का? होतं. आमच्याकडे तर ऑनलाइन सोडूनच जास्त झालं. मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या एका गावात ग्रंथपाल आहे. २०२० आणि २०२१ असे दोन उन्हाळे आम्ही काढले. त्यात काय जमलं, काय चुकलं, ते सांगते.

सुरुवात महापुरापासून करावी लागेल. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं त्या पुरात भिजली. आमच्या कपाटांचे खालचे खण गेले. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते देवघेव नोंदवहीचं. तिचा लगदा झाला होता. कुणाकडे कोणतं पुस्तक आहे ते कळेना, हे एक. त्याहून मोठं नुकसान म्हणजे कोण काय वाचतं, ही कितीतरी वर्षांची माहिती गेली. त्या हिवाळ्यात वाचकांना विचारून, आठवून आठवून ती पुन्हा लिहून काढली, आणि तेव्हापासून सभासदांची वही आणि देवघेवीची वही रोज संध्याकाळी मी घरी आणू लागले.

२३ मार्च २०२० ला आमच्याच तालुक्यातल्या इस्लामपुरात जिल्ह्यातले कोरोनाचे पहिले चार रुग्ण सापडले. आठवडाभरात आकडा पंचवीसच्या घरात गेला आणि आसपासच्या गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. वाचनालय बंद झालं तेव्हा पुस्तकं कुलपात होती, पण दोन्ही वह्या माझ्या घरी फळीवर होत्या. पुढचं सगळं त्या वह्यांच्या जोरावर झालं.

पहिला उन्हाळा फोनवरच गेला. पुस्तक घरोघरी द्यायची सोय नव्हती आणि तसं करणं बरोबरही नव्हतं. मी सभासदांच्या वहीतून साठीच्या पुढचे वाचक वेगळे काढले. आमच्या मुक्तद्वार विभागात, म्हणजे पेपर वाचायला सगळ्यांना खुल्या असलेल्या खोलीत, सकाळी आठला येऊन पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी सात-आठ माणसं होती. पेपर यायचा बंद झाला होता, घरात दिवसभर टीव्हीवर मृतांचे आकडे चालू. त्यातल्या एका आबांना फोन केला तर म्हणाले, ''बाई, टीव्ही भ्या दाखवतोय नुसतं. पेपरात काय आलंय ते सांगा की.'' दुसऱ्या दिवसापासून दुपारी चारला मी मोबाइलवर पेपर उघडून त्यांना वाचून दाखवू लागले. साध्या बटणाच्या फोनवरही कॉन्फरन्स कॉल होतो आणि त्यात पाच जण बसतात, हे मला अभ्यासिकेतल्या एका पोरानं शिकवलं. मग दोन गट केले. पाऊसपाणी, उसाची बिलं, जिल्ह्याची बातमी, शेवटी अग्रलेख. अग्रलेखावर वाद घालायला त्यांना दहा मिनिटं लागायचीच. तीन महिने एकही दिवस खंड पडला नाही. वाचनालयाचा सगळ्यात चांगला उपक्रम कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी हाच सांगेन, आणि त्याला लागलं काय, तर एक फोन आणि एक यादी.

मुलांसाठी काय करायचं, यात आधी आम्ही गोंधळलो. शाळा मार्चच्या मध्यापासून बंद होत्या. एका सभासदानं सुचवलं, की पुस्तकांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू. ते करू नका. अख्खं पुस्तक फोटो काढून वाटणं हा स्वामित्वहक्काचा भंग आहे, आणि लेखक-प्रकाशकांच्या पोटावर पाय देऊन वाचनालय चालवायचं कशाला? आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन मोकळं आहे. आम्ही त्यांच्या गोष्टी दहा-दहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात वाचून रोज रात्री साडेआठला व्हॉट्सॲप गटावर टाकल्या. याउलट, अण्णाभाऊ साठे आमच्याच तालुक्यातल्या वाटेगावचे, १ ऑगस्ट २०२० ला त्यांची जन्मशताब्दी पूर्ण होत होती, सगळ्यांना वाटत होतं त्यांचं काहीतरी वाचावं. पण अण्णाभाऊ गेले १९६९ साली. त्यांचं लेखन अजून हक्कात आहे. तेव्हा मुलांना काम दिलं, की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं: तुम्ही तमाशा, पोवाडा कुठे ऐकला, शाहीर कोण होते, काय आठवतंय? ती उत्तरं मुलांनी वहीत लिहिली. काही घरांत आजोबांनी असं काही सांगितलं, जे त्यांच्या मुलांनीही कधी ऐकलं नव्हतं.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, हेही पालकांना सांगितलं. पण खरं सांगायचं तर एका घरात एक स्मार्टफोन, तो बापाच्या खिशात, आणि बाप रानात. त्यामुळे पडद्यावर वाचणारी मुलं थोडीच निघाली. गोष्टींचं ध्वनिमुद्रण मात्र रात्री सगळं घर मिळून ऐकायचं. बायकांनी मला सांगितलं, की भाकरी थापताना कानावर पडतं ते बरं वाटतं. टाळेबंदीत सगळे घरात बसल्यानं वाचन वाढेल असं आम्हाला वाटलं होतं. पण आमच्या महिला वाचकांचा वेळ उलट कमी झाला होता. दिवसभर घरात माणसं, तीन वेळचा स्वयंपाक. नंतर पुस्तकं द्यायला लागलो तेव्हा त्यांच्यासाठी मुद्दाम कथासंग्रह आणि जुने दिवाळी अंक काढले. एका बैठकीत संपेल असं काहीतरी हवं होतं.

राज्यातली ग्रंथालयं १५ ऑक्टोबर २०२० ला उघडायला परवानगी मिळाली. नेमका वाचन प्रेरणा दिन. हिवाळा बरा गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा संचारबंदी. या वेळी आमची तयारी होती.

आमच्या गावात सकाळ-संध्याकाळ कुठलं दार उघडं असेल तर ते दूध डेअरीचं. घरटी एक माणूस किटली घेऊन तिथे येतोच, चुन्यानं आखलेल्या चौकोनात उभा राहतो, आणि दर दहा दिवसांनी दुधाचं बिल होतं. आम्ही डेअरीच्या सचिवांना आणि गावच्या दक्षता समितीला विचारलं. कापडी पिशव्या शिवून घेतल्या, प्रत्येकीवर डेअरीचा खाते नंबर घातला, आणि बिलाच्या दिवशी पिशवी द्यायची, जुनी परत घ्यायची, असं ठरवलं. एका पिशवीत चार पुस्तकं: घरातल्या मुलाचं, बाईचं, म्हाताऱ्या माणसाचं, आणि एक मी निवडलेलं. कुणी यादी करून मागायची गरज नव्हती. सातवीतला एक पोरगा साप-विंचवांशिवाय काही वाचत नाही, एसटीतून निवृत्त झालेल्या एका मामांना फक्त प्रवासवर्णनं लागतात, एका काकींना शेवट दुःखाचा असलेली कादंबरी चालत नाही, हे सगळं वहीत होतं. दुःखाचा शेवट त्या वर्षी कुणालाच देऊ नये, असं मला वाटत होतं. पण एका घरानं मुद्दाम मागून नेला. त्यांच्याकडे नुकतंच माणूस गेलं होतं.

यात आमची एक मोठी चूक झाली. ज्यांच्या दावणीला जनावर नाही त्यांचं डेअरीत खातंच नसतं. पहिल्या दोन फेऱ्यांत ती घरं राहून गेली, आणि ज्यांच्या घरात शाळेच्या पुस्तकापलीकडे कागद नाही, ती हीच घरं. एका मजुराच्या मुलीनं मला वाटेत विचारलं, ''मॅडम, आमाला पिशवी कवा?'' तेव्हा लक्षात आलं. त्या घरांच्या पिशव्या मग रेशन दुकानातून दिल्या. तुम्ही करणार असाल तर सुरुवातच त्या घरांपासून करा.

परत आलेल्या पुस्तकांचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. सॅनिटायझर फवारू नका. अल्कोहोलनं शाई पसरते, बांधणीचा डिंक सुटतो, आणि हायपोक्लोराइटनं कागद पांढरा पडून ठिसूळ होतो. आम्ही भाजीचे क्रेट आणले, त्यांवर वार लिहिले आणि आलेली पुस्तकं चार दिवस तशीच ठेवली. पुढे स्पष्ट झालं, की हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो, वस्तूंना हात लावून होण्याचा धोका फार कमी. तरी आम्ही क्रेट चालू ठेवले, कारण ते दिसल्यावर लोक निर्धास्तपणे पुस्तक हातात घ्यायचे. मात्र वाचनालय उघडल्यावर खरं लक्ष खिडक्यांकडे दिलं. गंजलेल्या दोन खिडक्या वर्षानुवर्षं उघडत नव्हत्या, त्या आधी उघडून घेतल्या.

आता व्याख्यानमालेचं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळा म्हणजे व्याख्यानं हे आपल्याकडे रुजलेलं आहे. आमच्याकडे मे महिन्यात मारुतीच्या देवळापुढे पाच दिवस कार्यक्रम असतो. २०२१ मध्ये तो झूमवर घ्यायचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी वक्ते बोलत होते आणि समोर अकरा जण, त्यातले चौघे आमच्याच कार्यकारिणीतले. नेट तुटत होतं. नेहमी पुढच्या सतरंजीवर बसणारी माणसं त्यात नव्हतीच. दुसऱ्या दिवशी आम्ही ते बंद केलं आणि ग्रामपंचायतीच्या परवानगीनं देवळाच्या भोंग्यावरून संध्याकाळी सातला अर्धा तास अभिवाचन सुरू केलं. वक्त्यांनी आपलं भाषण ध्वनिमुद्रित करून पाठवलं, तेही तिथूनच लावलं. लोक आपापल्या अंगणात, ओट्यावर बसून ऐकत होते. मी गच्चीवरून बघत होते, गल्लीच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली, मधला रस्ता रिकामा.

चौथ्या दिवशी वरच्या आळीत एक मयत झालं होतं. मला कळलं नव्हतं, मी चौकशी केली नव्हती. भोंग्यावर विनोदी कथा चालू होती आणि त्या घरापुढे रुग्णवाहिका उभी होती. मी दुसऱ्या दिवशी लांब उभी राहून त्यांची माफी मागितली. ती माणसं काही बोलली नाहीत, पण ते माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यानंतर रोज सहा वाजता आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेला, फोन करून विचारायचं आणि मगच भोंगा लावायचा, असा नियम केला. मे महिन्यात तो बऱ्याचदा लावलाच नाही. साथीतल्या कार्यक्रमाला ही एक गोष्ट हवीच: तो बंद कधी ठेवायचा, हे ठरवणारं माणूस.

दुसरं एक काम मात्र शांतपणे चालू राहिलं. सत्तरीपुढच्या आज्यांना फोन करून जात्यावरच्या ओव्या विचारायच्या, त्या म्हणतील तशा ध्वनिमुद्रित करायच्या, आणि त्यांची परवानगी असेल तरच पुढे ऐकवायच्या. एकीला आठवायच्या नाहीत तर ती दुसरीचं नाव सांगायची. एक आजी म्हणाल्या, ''जातं न्हाई तर ववी येत न्हाई.'' त्यांच्या नातीनं परातीत वाटी घरघर फिरवली, तेव्हा आजींना ओळी सुचत गेल्या. ते सगळं आमच्याकडे जपून ठेवलेलं आहे. त्यातल्या दोघी आता नाहीत.

हे एकटीनं झालं नाही. अभ्यासिकेतली मुलं होती. त्यांची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला होणार होती, ती पुढे ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. घरात अभ्यासाला जागा नाही, परीक्षेचा पत्ता नाही, अशा वर्षात त्यांनी पिशव्या भरल्या, आवाज दिले. वर्गणी आम्ही त्या काळात घेतली नाही, उशिराचा दंडही नाही. खर्च म्हणाल तर पिशव्यांचं कापड आणि फोनचं रिचार्ज. केलेल्या प्रत्येक उपक्रमाची तारीखवार नोंद मात्र ठेवा, वार्षिक अहवालाला आणि तपासणीला लागते.

तुमचं वाचनालय आत्ता उघडं आहे, तेव्हा दोन गोष्टी या आठवड्यातच करून घ्या. दोन्ही वह्यांच्या पानांचे फोटो काढून ते दोन वेगळ्या घरी ठेवा. आणि सभासदांच्या वहीत एक रकाना वाढवा: घरातला फोन कुणाकडे असतो आणि किती वाजता घरी असतो. आम्ही हा रकाना मे २०२० मध्ये आखला. तोवर निम्मे फोन रानात वाजत होते.