दिवाळीत भेट द्यायला घरी फ्लेवर्ड साखर करायची आहे. माझी ओली होऊन दगड का होते?

तुम्ही लिहिलंय की दोन वाट्या साखरेत दोन लिंबांची साल किसून घातली, लगेच बाटलीत भरली आणि चौथ्या दिवशी आत दगड झाला. प्रमाण ठीकच आहे. मधली एक रात्र तेवढी राहून गेली.

ताज्या सालीत पाणी असतं. साखर ते ओढून घेते, दाण्यांच्या कडा विरघळतात आणि पुन्हा सुकताना शेजारचे दाणे एकमेकांना चिकटून बसतात. गुलकंद करताना आपल्याला ही ओलच हवी असते, म्हणून तर पाकळ्या आणि साखरेचे थर बरणीत भरून उन्हात ठेवतो. तुमच्या बाटलीत लिंबाचा गुलकंद व्हायला लागला होता म्हणा ना.

मी नागपूरची, त्यामुळे माझी साखर संत्र्याची. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास बाजारात दिसायला लागतात आणि भाऊबीजेच्या पिशवीत एक बाटली ठरलेली असते. तीन संत्री कोमट पाण्यात चोळून धुवायची, फडक्याने अगदी कोरडी करायची आणि सोलायच्या आधी किसायची. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. एकदा सोलली की हातात लुळी पडते आणि किसणीवर आपली बोटंच जातात. बारीक भोकांची किसणी घ्या, हात हलका ठेवा आणि पांढरं दिसायला लागलं की संत्रं फिरवा. ते पांढरं कडू असतं. साल हिरवट असली तरी बिनधास्त वापरा. वास असतो तो सालीतल्या तेलाच्या बारीक पुटकुळ्यांत. लहानपणी मेणबत्तीच्या ज्योतीजवळ साल पिळून ठिणग्या उडवल्या असतील ना, तेच हे तेल.

मग परातीत ४०० ग्रॅम साखर घ्या. दुकानात बारीक दाण्याची मागा, एस-३० म्हणतात ती. एम-३०चा दाणा जाड, त्यावर कीस नीट बसत नाही. कीस साखरेवर टाकायचा आणि रांगोळी सोडताना चिमूट फिरते तशी बोटं फिरवत चोळायचं, चांगली चार-पाच मिनिटं. साखरेचे कोपरे सालीला खरवडतात, तेल दाण्यांवर उतरतं आणि साखर ओल्या वाळूसारखी दिसायला लागते. शेजारीण दार उघडून विचारते, काय चाललंय म्हणून. चमच्याने कितीही ढवळलं तरी हा वास येत नाही.

आता ती राहिलेली रात्र. साखर परातीत पातळ पसरायची, वर सुती कापड टाकायचं आणि पंख्याखाली ठेवून झोपायचं. मुंग्यांसाठी ताटात पाणी, पाण्यात पालथी वाटी आणि तिच्यावर परात. सकाळी कडक पापडी झालेली असते. घाबरू नका, हाताने चुरा आणि आणखी दोन-तीन तास पसरून ठेवा. उन्हात मात्र ठेवू नका, मेहनतीने काढलेला वास उडून जातो. मिक्सरलाही लावू नका. पिठीसाखर दाण्यांपेक्षा लवकर गोळे धरते. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोर घालतात ते त्यासाठीच.

एवढं सगळं करूनही मी एकदा फसले आहे. हौसेने जुलैत मुंबईला नणंदेकडे बाटली पाठवली. तिने दोनदा उघडली आणि तिसऱ्यांदा चमचा आत जाईना. त्यामुळे सालीची साखर थंडीतच, आणि समुद्राकाठच्या माणसांना लहान बाटली, पटकन संपेल अशी.

एवढा खटाटोप नको असेल तर वेलची साखर करा. त्यात ओलच नाही. २०० ग्रॅम साखरेला वीसेक वेलच्या. दाणे काढून दोन चमचे साखरेबरोबर वाटायचे, चाळायचे आणि उरलेल्या साखरेत मिसळायचे. नुसते दाणे मिक्सरमध्ये गरगर फिरत राहतात, साखर सोबत असली की बारीक होतात, हे तुम्हाला माहीत असेलच. सालं चहाच्या डब्यात.

पण भेट म्हणून माझी आवडती आहे जायफळाची. आपल्याकडे कॉफीत जायफळ लागतंच, आणि किसायचा कंटाळा येतो म्हणून लोक ते घालत नाहीत. २०० ग्रॅम साखरेत पाव जायफळ किसून मिसळा आणि बाटलीवर ‘कॉफीची साखर’ लिहा. माझ्या धाकट्या दिराला दरवर्षी हीच हवी असते. जायफळ साखर करायच्या वेळीच किसा, आधीपासून नुसती पूड करून ठेवली की तिचा दम जातो.

केशराची साखर दिसायला निराश करते. केशराचा रंग पाण्यात किंवा दुधात सुटतो, कोरड्या साखरेत ती पांढरीच राहते आणि मधूनमधून लाल ठिपके. काड्या किंचित गरम करून थोड्या साखरेबरोबर खलात खला. दुधात पडली की रंग येतो, हे घेणाऱ्याला सांगून ठेवा, नाहीतर तो म्हणेल केशर कंजूषपणे घातलंय. गवती चहाची करून पाहिली, पण कितीही चाळली तरी तूस घशाला लागतं. पुन्हा केली नाही. इसेन्सचे थेंब घालूनही होते साखर, पण मग विकतच आणावी.

बाटली काचेचीच घ्या आणि धुतल्यावर दिवसभर उन्हात उपडी ठेवा. लोणच्याची जुनी बरणी नको, झाकणाचा वास जात नाही. भरल्याची तारीख आणि कशात घालायची ते चिठ्ठीवर लिहा: संत्र्याची शिऱ्यात आणि कोऱ्या चहात, वेलचीची श्रीखंडात. हे मी लिहायला लागले ते एका मावशींमुळे. त्यांनी संत्र्याची साखर वर्षभर शोकेसमध्ये मांडून ठेवली होती.