‘घरी सांगू नका’ असे म्हणणारे आजोबा

कोलंबस, ओहायो येथील ताईंस, सप्रेम नमस्कार.

तुम्ही नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी ज्यांना इंग्रजी शिकवता, ते भूतानमधून आलेले नेपाळीभाषक आजोबा ‘मी मुलांवर ओझे झालो, आता सुटलेले बरे’ असे हिंदीत बोलून गेले आणि ‘घरी सांगू नका’ असेही म्हणाले. विषय काढला तर नको तो विचार आपणच त्यांच्या मनात घालू, अशी भीती तुम्हांला वाटते.

विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजत नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवले आहे का?’ असे शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा. मात्र नातवाला दुभाषी करू नका. त्याच्यासमोर आजोबा खरे बोलणार नाहीत, आणि त्या पोरावरही तो भार टाकू नये.

अमेरिकेत पोहोचले म्हणजे हाल संपले, असा आपला समज असतो. भूतान सोडावे लागल्यावर नेपाळमधील छावण्यांत सुमारे दोन दशके काढून ही माणसे २००८ पासून तिकडे आली. पुढच्या काही वर्षांतील आत्महत्यांची सरकारी आरोग्य यंत्रणेने पाहणी केली, तेव्हा त्यांचे प्रमाण लाखामागे सुमारे २० आढळले, जे त्या देशातील एकूण प्रमाणाहून बरेच जास्त होते. न येणारी भाषा, पांगलेले कुटुंब आणि घर चालवता न येणे या अडचणी त्यात पुन्हा पुन्हा दिसल्या. म्हणून आजोबांचे ‘ओझे’ म्हातारपणाची कुरकुर समजून सोडून देऊ नका.

गुप्ततेचे वचन देऊ नका. दिले असेल, तर ते पाळता येणार नाही असे त्यांना तोंडावर सांगा, मात्र मुलगा, डॉक्टर की समाजातील कोणी ज्येष्ठ, कोणाला सांगायचे ते त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी काही ठरवलेले असेल, तर त्यांना एकटे सोडू नका, घातक वस्तू घरच्यांकरवी दूर करा आणि ९८८ या आत्महत्या-प्रतिबंधक मदतवाहिनीवर फोन करा. तो त्यांच्या वतीने तुम्हीही करू शकता, दुभाषीही मागता येतो. धोका तातडीचा असेल तर ९११ हा आपत्कालीन क्रमांक. (भारतातील वाचकांसाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे.)

आणखी एक. वय ५५ किंवा त्याहून अधिक आणि कायम रहिवासी म्हणून १५ वर्षे पूर्ण असतील, तर नागरिकत्वासाठी इंग्रजीची अट नसते. नागरिकशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरे दुभाष्यामार्फत नेपाळीत देता येतात. आजोबा त्या नियमात बसतात का, हे या आठवड्यातच जाणकाराकडून तपासून घ्या. बसत असले, तरी तुमची शिकवणी मात्र बंद करू नका.